पोटात काय आहे ते दाखवताना : यंत्रांच्या कटअवे चित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

यंत्राचे, वास्तूचे किंवा वाद्याचे बाहेरचे कवच थोडे कापून आतली रचना दाखवणाऱ्या चित्रांविषयी, म्हणजे कटअवेविषयी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रे लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी पलूसला राहते. एका पंप कारखान्याच्या कॅटलॉगसाठी सेंट्रिफ्युगल पंपाचे कटअवे करायला घेतले आहे. कारखान्याने स्टेप फाइल (त्रिमितीय कॅड मॉडेल) दिली आहे. सॉफ्टवेअरमध्ये सेक्शन मारला की पंप मधोमध चिरलेला दिसतो, पण तो ड्रॉइंगसारखाच वाटतो. शाफ्टही कापला जातो, इम्पेलरही (पाणी फेकणारे पात्यांचे चाक). नेमके कुठे कापायचे आणि काय सोडायचे?

सॉफ्टवेअरचा सेक्शन वाटेत येईल ते सगळे कापतो, म्हणून असे होते. कटअवेमध्ये प्रत्येक भागाचा निर्णय स्वतंत्र घ्यावा लागतो. त्याआधी कारखान्याकडून एका वाक्यात लिहून घ्या, की हे चित्र पाहून गिऱ्हाइकाला काय समजायला हवे. 'मेकॅनिकल सील सहज बदलता येते' हे सांगायचे असेल तर काप सीलजवळ, म्हणजे शाफ्टपाशी गळती रोखणाऱ्या भागाजवळ, मोठा हवा आणि इम्पेलर थोडासा दिसला तरी चालेल. 'इम्पेलर ब्राँझचा आहे' हे सांगायचे असेल तर उलट. हे वाक्य हातात नसताना केलेला काप पुढे तीनतीनदा बदलावा लागतो.

एंड सक्शन (टोकाकडून पाणी घेणाऱ्या) पंपासाठी बहुतेक वेळा पाव भाग काढणे पुरते. शाफ्टच्या अक्षातून एक उभे आणि एक आडवे प्रतल घ्या आणि बघणाऱ्याच्या बाजूचा वरचा पाव तुकडा काढून टाका. अर्धा पंप काढला तर केसिंगचा गोल आकारच हरवतो आणि हा पंप आहे हे ओळखू येत नाही. डिलिव्हरी (पाणी बाहेर पडण्याचे तोंड) वरच्या बाजूला असेल तर तिचा फ्लँजही अर्धा कापला जाईल. फ्लँजची भोके गिऱ्हाइकाला मोजायची असतील तर फ्लँज अख्खा ठेवा आणि काप मानेपाशी नागमोडी रेघेने थांबवा.

आता न कापायचे भाग. शाफ्ट, की, बोल्ट, नट, वॉशर, रिव्हेट, बेअरिंगमधल्या गोळ्या किंवा रोलर हे लांबीच्या दिशेने कापायचे नाहीत; शाळा-कॉलेजांसाठीच्या भारतीय मानकातही हाच नियम आहे. केसिंगच्या रिब आणि इम्पेलरची पाती प्रतलाच्या दिशेत आली तरी भरीव रंगवू नका, नाहीतर तिथे जाड धातूचा गोळा आहे असा भास होतो. इम्पेलरचे हब आणि मागची तबकडी अख्खी ठेवा. पुढच्या तबकडीचा मात्र पाव भाग उघडा, म्हणजे पाती उभी दिसतील. केसिंग, बॅक प्लेट, वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची झिजणारी कडी), बेअरिंग हाउसिंग आणि सीलची घरटी एवढेच कापा.

सॉफ्टवेअरमध्ये हे करताना असेंब्लीला एकच सेक्शन लावू नका. कापायचे भाग निवडा, बाकीचे सेक्शनमधून वगळा. ब्लेंडरमध्ये बूलियन (एका आकाराने दुसरा कापण्याची सोय) वापरत असाल तर दोन गोष्टी नेहमी नडतात. मॉडेल भरीव नसून नुसत्या पृष्ठांचे असेल तर कापल्यावर भिंत कागदासारखी पातळ आणि आतून पोकळ दिसते; ते मूळ कॅडमध्येच भरीव करून आणावे लागते. दुसरे म्हणजे कापणारे प्रतल एखाद्या भागाच्या सपाट पृष्ठावर तंतोतंत पडले की तिथे काळे-पांढरे चट्टे येतात. प्रतल ०.०५ मिमीने सरकवा, चट्टे जातात.

कापलेल्या पृष्ठाला एकच सपाट रंग द्या. छाया आणि चमक फक्त न कापलेल्या पृष्ठांवर. हा फरक पाळला की डोळ्याला लगेच कळते की इथे धातू चिरला आहे. बीडाच्या केसिंगला एक रंग, ब्राँझला दुसरा, रबराला गडद राखाडी. हॅचिंग (कापलेल्या भागावरच्या तिरप्या समांतर रेघा) करायचेच असेल तर ४५ अंशांत करा आणि शेजारच्या भागाची दिशा उलटी ठेवा. एकाच भागाचे दोन तुकडे दिसत असतील तर दोन्हींवर दिशा आणि अंतर तेच.

बारीक फटी मुद्दाम मोठ्या कराव्या लागतात. वेअर रिंग आणि इम्पेलर यांच्यात ०.३ मिमी फट असेल आणि चित्र १:४ प्रमाणात छापणार असाल तर कागदावर ती ०.०८ मिमी उरते, म्हणजे नाहीशीच होते, आणि रिंग इम्पेलरला चिकटलेली दिसते. कागदावर निदान ०.३ मिमी फट राहील इतकी ती वाढवा. गॅस्केटचेही तसेच, ते भरीव काळे आणि थोडे जाड काढायचे.

सगळ्यात महाग पडणारी चूक फिरण्याच्या दिशेची असते. तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत : केसिंगवरचा बाण, पात्यांचा बाक आणि व्होल्यूटचे (इम्पेलरभोवतीच्या गोगलगायीसारख्या वाटेचे) रुंदावणे. सेंट्रिफ्युगल पंपाची पाती मागे झुकलेली असतात, म्हणजे पात्याचे बाहेरचे टोक फिरण्याच्या दिशेत मागे राहते. व्होल्यूटची वाट जिभेपाशी अरुंद सुरू होते आणि फिरण्याच्याच दिशेने रुंद होत डिलिव्हरीला मिळते. तुम्ही हे बरोबर काढता, आणि मग पानाच्या मांडणीत यंत्राचे तोंड आतल्या बाजूला यावे म्हणून डीटीपीवाला चित्र आरशासारखे उलटवतो. पंप उलटा फिरू लागतो आणि सगळे आटे डावे होतात. उभ्या बोल्टवर उजव्या आट्याच्या समोरच्या रेघा डावीकडून उजवीकडे चढत जातात. छापील प्रुफात तेवढे एक बघितले तरी उलटापालट पकडता येते. फाइलबरोबर 'चित्र उलटवू नये' असे लेखी द्या. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना उभा आहे. या पट्ट्यात पंप ओळखणारे डोळे घरोघर आहेत, चूक लपत नाही.

प्रश्न : कराडला डिप्लोमा करतो. आयसोमेट्रिकमध्ये (तिन्ही अक्षांवर एकच प्रमाण ठेवून) चित्र काढताना चौकोनी भाग नीट येतात, पण बेअरिंग, पुली, पाइप वाकडे दिसतात. चार केंद्रांची पद्धत (कंपासच्या चार कंसांतून लंबवर्तुळ काढायची) वापरतो. चूक कुठे होते?

चूक दोन ठिकाणी असू शकते, अक्षात आणि पद्धतीत.

आधी अक्ष. कोणतेही वर्तुळ लंबवर्तुळ होऊन दिसते तेव्हा त्याचा लहान अक्ष त्या भागाच्या आसाच्या रेषेवरच पडतो आणि मोठा अक्ष तिला काटकोनात. पुलीचा शाफ्ट उजवीकडे ३० अंशांत वर जात असेल तर पुलीचा लहान अक्ष त्याच रेघेवर हवा. झाकणासारखे आडवे वर्तुळ असेल तर लहान अक्ष उभा आणि मोठा अक्ष आडवा. बहुतेक वाकडी पुली इथेच वाकडी झालेली असते : मोठा अक्ष उभा धरलेला असतो. शाफ्टची मध्यरेषा आधी काढा, मग लंबवर्तुळ.

आता पद्धत. वहीतल्या रेखाटनासाठी चार केंद्रांची पद्धत ठीक आहे, पण ती अंदाजी आहे. १०० मिमी व्यासाचे वर्तुळ घ्या. आयसोमेट्रिकमध्ये अक्षांवर पूर्ण मापे घेतली तर खरे लंबवर्तुळ १२२.५ मिमी लांब आणि ७०.७ मिमी रुंद येते. चार केंद्रांनी काढलेले ११५.५ लांब आणि ७३.२ रुंद येते, म्हणजे आखूड आणि फुगीर. एकटा पाइप असेल तर खपून जाते. बेअरिंगमध्ये बाहेरची रिंग, आतली रिंग, पिंजरा आणि शाफ्ट अशी एकात एक वर्तुळे येतात, काही ३५ अंशांच्या टेम्प्लेटने काढलेली आणि काही कंपासने, तेव्हा रिंगची जाडी कुठे जास्त कुठे कमी दिसते. छापायच्या चित्रात सगळी लंबवर्तुळे एकाच पद्धतीची हवीत. टेम्प्लेट घेणार असाल तर ३५ अंश १६ मिनिटांची घ्या, त्यावर सहसा 'आयसोमेट्रिक' असे छापलेले असते. कॉम्प्युटरवर उंची ५७.७ टक्के केलेले वर्तुळ घेऊन फिरवले की झाले.

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये सपाट ड्रॉइंगवरून जायचे असेल तर क्रम असा : उंची ८६.६ टक्के करा, ३० अंश आडवा शिअर द्या (म्हणजे चित्र तिरपे सरकवा), ३० अंश फिरवा. डावी, उजवी आणि वरची बाजू यांसाठी शिअर आणि फिरवणे यांच्या दिशा बदलतात, आणि अधिक-उणे चिन्हे प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी असतात. म्हणून आधी १०० मिमीच्या चौकोनावर करून बघा : चौकोनाच्या बाजू १०० मिमीच राहून ३० अंशांच्या किंवा उभ्या रेघांवर बसल्या पाहिजेत.

गोळ्यांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. गोळा कोणत्याही बाजूने गोलच दिसतो, म्हणून १० मिमीची बेअरिंगची गोळी १० मिमी वर्तुळानेच काढली जाते. पण अक्षांवर पूर्ण मापे घेतलेल्या आयसोमेट्रिकमध्ये सगळे चित्रच १.२२५ पट मोठे झालेले असते. गोळी १२.२५ मिमीची हवी, नाहीतर ती रिंगमध्ये सैल खुळखुळताना दिसते.

पर्स्पेक्टिव्हमध्ये गेलात तर लंबवर्तुळ सगळीकडे एकाच अंशाचे राहत नाही. दूर जाणाऱ्या शाफ्टवर लांबची चकती लहान होते, पण जवळच्या चकतीपेक्षा जास्त गोल दिसते. उलट काढले की शाफ्ट वाकलेला दिसतो.

प्रश्न : सांगलीत हळद पॉलिश करण्याच्या ड्रमसाठी माहितीपुस्तिका करत आहोत. कटअवे काढावे, भाग सुटे करून दाखवावेत की बाहेरचे कवच पारदर्शक करावे?

सुटे भाग मागवायच्या पानावर भाग सुटे मांडलेले चित्र हवे, कारण तिथे ऑपरेटरला नंबर शोधायचा असतो. ड्रममध्ये हळद जाळीवर आणि एकमेकींवर घासून साल कशी सुटते हे सांगायला कटअवे. पारदर्शक कवच तुमच्या कामाला बसत नाही. ड्रमला जाळी आहे. जाळीतून आतली जाळी दिसू लागली की छपाईच्या ठिपक्यांशी तिचा गोंधळ होऊन पानावर लाटा उमटतात. जाळी पूर्ण ड्रमभर काढूही नका. एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या तुकड्यात नीट काढा, बाकीचा पत्रा सपाट रंगात सोडा. भोकाचा खरा आकार शेजारी गोल चौकटीत मोठा करून द्या.

प्रश्न : साताऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाचा कापून दाखवलेला तक्ता मुलांकडून करून घ्यायचा आहे. धरण, बोगदा आणि वीजगृह एकाच चित्रात बसत नाही. उंची वाढवून दाखवावी का?

उंची वाढवू नका. मुलांना इथला उतारच समजायचा आहे, आणि उंची तिप्पट केली की ४५ अंशांचा उतार चित्रात जवळपास ७२ अंशांचा होतो. मग पाणी कड्यावरून सरळ कोसळते असे मुलांच्या मनात बसते.

प्रमाण किती अवघड आहे ते आधी मुलांकडूनच काढून घ्या. ए-२ कागद ५९४ मिमी रुंद असतो. चार किलोमीटरचा भाग ४०० मिमीत बसवायचा तर प्रमाण १:१०,०००. त्यात कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण १०.३ मिमी होते. साडेचारशे मीटरांहून जास्त उंचीवरून येणारे पाणी ४५ मिमीच्या आसपास बसते. बारा मीटरांचे यंत्र १.२ मिमी. म्हणजे या चित्रात वाट दिसेल, यंत्र दिसणार नाही. म्हणून मधला तक्ता फक्त वाटेचा करा : शिवसागर जलाशय, पाणी घेण्याचे ठिकाण, डोंगरातून जाणारा बोगदा, सर्ज टँक, उतरणारे पेनस्टॉक (पाण्याचे मोठे नळ), भूमिगत वीजगृह आणि तिथून बाहेर पडून वाशिष्ठी नदीला मिळणारे पाणी. पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात जाते, हे नकाशाच्या छोट्या चौकटीत वेगळे दाखवा. नुसत्या छेदात दिशा कळत नाही.

मग तीन मोठे गोल काढा, प्रत्येकाचे प्रमाण वेगळे आणि खाली लिहिलेले. पहिल्यात धरणाचा छेद. गुरुत्व धरणाची पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी आणि उलट बाजू उतरती असते. तक्त्यांवर हे सर्रास उलटे निघते. धरण आपल्या वजनाने उभे राहते, म्हणून पाया रुंद, हे चित्रातच दिसले पाहिजे. दुसऱ्यात सर्ज टँक. झडप अचानक बंद झाल्यावर बोगद्यातले पाणी तिथे वर चढते, म्हणून पाण्याच्या दोन पातळ्या दाखवा, एक सलग रेघेने आणि एक तुटक. सर्ज टँकचे तोंड बंद काढले की त्याचा अर्थच जातो.

तिसऱ्यात टर्बाइन. इथे फार काळजी घ्या. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन टर्बाइने आहेत, चौथ्या टप्प्यात फ्रान्सिस. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही टर्बाइनचे चित्र उचलून लावू नका. पेल्टनमध्ये नोझलमधून पाण्याचा झोत सुटतो आणि चाकावरच्या दुहेरी वाट्यांवर आदळतो. चाक हवेत फिरते. म्हणून केसिंग निळ्या रंगाने भरायचे नाही : झोत निळा, बाकी जागा मोकळी, आणि खालचे पाणी चाकाच्या खूप खाली. झोत वाटीच्या मधल्या धारेवर पडून दोन्हीकडे फुटतो, हे एका वाटीत जवळून दाखवा. फ्रान्सिसमध्ये मात्र कवच पाण्याने पूर्ण भरलेले असते आणि पाणी परिघाकडून मध्याकडे येते. दोन टप्पे दोन गटांना दिले तर हा फरक मुले आपण होऊन शोधतात.

प्रत्येक गोलात माणसाची आकृती त्याच प्रमाणात काढा. मुख्य तक्त्यात ती ०.१७ मिमी येईल, म्हणून तिथे नको.

प्रश्न : मिरजेच्या तानपुऱ्याचे आतून कापलेले चित्र एका संगीतविषयक पुस्तकासाठी हवे आहे. याचे कॅड कुठून आणायचे? माझ्याकडे फोटो आहेत, पण त्यावरून काढले की भोपळा फुगलेला दिसतो.

भोपळा फुगतो तो फोटो जवळून काढल्यामुळे. कॅमेरा दांडीच्या प्रतलापासून एक मीटरवर असेल आणि भोपळ्याचा पुढचा फुगवटा त्या प्रतलाच्या १५० मिमी पुढे असेल तर तो भाग १७ ते १८ टक्के मोठा दिसतो. तेच पाच मीटरांवरून झूम करून काढले तर वाढ तीन टक्क्यांवर येते. वाद्य उभे टेका, कॅमेरा वाद्याच्या निम्म्या उंचीवर ठेवा, दांडीच्या शेजारी ३०० मिमीची पट्टी धरा आणि समोरून, बाजूने, मागून असे तीन फोटो घ्या. हातकामाच्या वस्तूचे कॅड मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. प्रोफाइल गेज किंवा मऊ सोल्डर तार भोपळ्यावर दाबून तिचा बाक कागदावर उतरवा. दोन-तीन ठिकाणचे बाक पुरतात.

आतली मापे तयार वाद्यातून मिळत नाहीत, कारण तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) बसल्यावर आत डोकावायला वाट उरत नाही. कारागिराकडे तबली बसवायच्या आधीचे किंवा दुरुस्तीला उघडलेले वाद्य असते, ते मोजा. भोपळ्याच्या सालीची जाडी कापून उरलेल्या तुकड्यावर कॅलिपरने घ्या आणि चार ठिकाणी घ्या. ती सगळीकडे सारखी नसते, आणि चित्रातही सारखी काढली की भोपळा प्लास्टिकचा वाटतो.

काप वाद्याच्या लांबीतून, मध्यरेषेवरून. भोपळा, तबली, गळ्याचा जोड आणि पोकळ दांडी कापा. तारा, खुंट्या, मणी आणि घोडी कापू नका. दांडी पोकळ आहे हे बहुतेक वाचकांना माहीत नसते. ती पोकळी आणि भोपळ्याची पोकळी यांचा संबंध जिथे दिसतो तो गळ्याचा जोड हा तुमच्या चित्राचा खरा विषय. लाकडाचे कापलेले टोक आणि भोपळ्याची कापलेली साल यांचा पोत वेगळा दाखवा : लाकडाला रेषांची दिशा असते, सालीला नसते.

पान उभे ए-४ असेल तर लांबी नडते. समजा वाद्य १२०० मिमी आहे आणि पानावर २६० मिमी जागा; प्रमाण साधारण १:४.६ येते आणि जोड बारीक होतो. दांडीचा मधला ४०० मिमी सरळ भाग दोन तुटक रेघांनी गाळला की प्रमाण साधारण १:३.१ वर येते. गाळलेली लांबी तिथे लिहा. जवारीसाठी (तारेच्या गुंजणाऱ्या नादासाठी घोडीच्या माथ्याला दिलेला आकार) घोडीचा बाजूने छेद वेगळा द्या. घोडीच्या माथ्याचा उतार इतका सूक्ष्म असतो की खऱ्या प्रमाणात तो सपाटच दिसतो. उंची दहापट करा आणि 'उंची १० पट' असे चित्रातच छापा. तार त्या उतारावर कुठून सुटते आणि दोरा कुठे सरकवतात, हे तिथे दाखवले तर वाजवणाऱ्याला चित्राचा उपयोग होईल. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे अशा चित्रांची मागणी पुढेही राहील; मापे जपून ठेवा.

प्रश्न : विट्याहून. पडद्यावर सुंदर दिसणारे चित्र ऑफसेटवर छापले की बारीक रेघा जातात, आणि मराठी नावे कधी कधी फुटलेली येतात. प्रेसवाले म्हणतात फाइल चुकली. काय तपासावे?

रेघांपासून सुरू करा. शेवटच्या छपाईच्या मापात कोणतीही रेघ ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक नको, आणि गडद रंगावर पांढरी रेघ असेल तर निदान ०.५ पॉइंट. ए-४ च्या चित्रात बाहेरची कड ०.५ मिमी, ज्या कडेमागे मोकळी जागा आहे ती ०.३५ आणि आतल्या कडा ०.१८ असा क्रम ठेवला तर चित्र उठून दिसते. हेच चित्र कॅटलॉगमध्ये निम्मे करून वापरले की ०.१८ ची रेघ ०.०९ मिमी, म्हणजे ०.२५ पॉइंटच्या अगदी काठावर येते आणि सहज नाहीशी होते. लहान वापरासाठी वेगळी फाइल करा, आणि तिच्यात काही बारकावे काढूनच टाका.

रेघा फक्त काळ्या शाईच्या ठेवा. रंगीत फाइलमध्ये काळा रंग चारही शायांनी बनला असेल तर रजिस्ट्रेशन (शायांचे एकमेकींवर नेमके बसणे) केसभर हलले तरी रेघेला रंगीत सावली येते. काळ्या रेघा ओव्हरप्रिंटवर (खालचा रंग न कापता वर छापण्यावर) टाका. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) स्वतः बदल करून बघा, प्रेसवर सोडू नका. गडद भागांत चार शायांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आत आणि साध्या कागदावर २६० ते २८० ठेवा, नाहीतर पान वाळत नाही आणि मागच्या पानाला डाग लागतो. रंगवलेला भाग ३०० डीपीआय, नुसत्या रेघांचे स्कॅन १२०० डीपीआय, दोन्ही शेवटच्या मापात.

आता अक्षरे. जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये आणलेल्या नावांत 'दुसऱ्या', 'खाऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र सगळ्यात आधी फुटतो. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोझर चालू आहे का बघा. तो नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. मजकुराची भाषा मराठी निवडा, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. ग्राहकाने मंजूर केल्यावरच अक्षरांचे आउटलाइन (आकारांत रूपांतर) करा आणि अक्षरे जिवंत असलेली फाइल वेगळी ठेवा.

नावांची रेघ भागाच्या मध्यात ठिपक्याने संपवा; कडेवर संपली की दोन भागांपैकी कोणता ते कळत नाही. या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका आणि हॅचिंगच्या दिशेत काढू नका. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन आवृत्त्या निघणार असतील तर चित्रावर फक्त आकडे टाका आणि नावे बाजूच्या तक्त्यात.

प्रश्न : तासगावहून. द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरचे कटअवे एका उत्पादकाला करून दिले. आता तेच चित्र दुसऱ्या मॉडेलसाठी बदलून वापरले जात आहे. पुढच्या कामात व्यवहार कसा ठरवावा? दर काय लावावा?

दर चौरस इंचाने किंवा चित्राने लावू नका, भागांच्या संख्येने आणि माहितीच्या अवस्थेने लावा. नीट कॅड मिळाले तर एक भाव. फक्त ड्रॉइंग असेल तर त्याहून बराच जास्त. यंत्र उघडून स्वतः मोजायचे असेल तर मोजणीचे दिवस वेगळे धरा. चाळीस भागांच्या ब्लोअरला लागणारा वेळ बारा भागांच्या पंपाच्या तिपटीपेक्षा जास्त असतो, कारण एकमेकांआड येणाऱ्या भागांची संख्या वाढते.

काम चार टप्प्यांत तोडा आणि प्रत्येक टप्प्यावर सही घ्या : कापाची जागा दाखवणारे पेन्सिल रेखाटन, पूर्ण रेघांचे चित्र, रंग, नावांसह अंतिम फाइल. मंजूर रेखाटनानंतर काप हलवायला सांगितले तर ते नवे काम आहे, हे कोटेशनमध्येच लिहा. आगाऊ रक्कम ४० टक्के, रेघांच्या मंजुरीवर ३०, उरलेले फाइल देताना, असा हिशोब दोघांनाही सोपा जातो. प्रत्येक टप्प्यात दोन फेऱ्यांपर्यंत दुरुस्ती धरलेली असावी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, ते दरात आधीच धरा.

हक्कांबद्दल १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. नोकरीत असताना केलेल्या कामाच्या हक्कांचा पहिला धनी सहसा नोकरी देणाराच असतो, तुमचे काम बाहेरून दिलेले आहे म्हणून कागदावर स्पष्टता जास्त गरजेची. कोणत्या मॉडेलसाठी, कोणत्या माध्यमात, किती वर्षे आणि बदल करायची परवानगी आहे की नाही, हे चार मुद्दे लिहा. 'बदल करून इतर मॉडेलना वापरल्यास मूळ रकमेच्या इतके टक्के' अशी ओळ टाकली की तुमच्यासारखी परिस्थिती येत नाही.

उत्पादकाच्या बाजूचीही एक गोष्ट त्याच कागदावर येऊ द्या. पात्याचा खरा बाक, नोझलचे आतले माप यांसारखी गुपिते कटअवेतून उघडी पडतात. ती कोणती ते आधीच विचारून घ्या आणि चित्रात थोडी बदलून काढा. यंत्राचे काम चुकीचे दिसणार नाही एवढाच बदल. लेयर असलेली मूळ फाइल द्यायची की फक्त छपाईची पीडीएफ, हे शेवटी ठरवायला ठेवू नका. मूळ फाइल दिलीत तर बदल करणे सोपे होते, म्हणून तिची रक्कम वेगळी लावा.